तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय

दुकानात शिरल्या शिरल्या त्या ताईंनी शिलाई मशीन काउंटरवर ठेवलं, पर्समधून मोबाइल काढला आणि काकांसमोर धरला. "तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय ना हे? बघा. अगदी तसंच केलं मी."

काकांनी चष्मा लावून वाचलं. 'शिलाई मशीनची निगा राखण्याच्या १० सोप्या पद्धती' असा लेख होता. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं, की महिन्यातून एकदा मशीनच्या सर्व छिद्रांमध्ये तेलाचे दोन-दोन थेंब सोडावेत. ताईंचं मशीन कॉम्प्युटराइज्ड, छोट्या पडद्यावर टाक्यांचे नंबर दिसणारं. त्यांनी हवा जायच्या जाळीतून, बटणांच्या फटीतून, जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे इमानदारीने तेल सोडलं होतं.

काकांनी खालचे स्क्रू काढून झाकण उचललं. रबरी पट्टा तेलाने निथळत होता आणि चाकावरून नुसताच घसरत होता. मोटरखाली बुळबुळीत थर साचला होता आणि एक ओघळ थेट सर्किट बोर्डच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. त्यांनी कापसाच्या बोळ्याने तो ओघळ टिपला, बोळा उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला.

"हा लेख मी लिहिलेला नाही," असं ते म्हणाले असते, तर ते खरंच होतं. पण ते म्हणाले, "माझ्या दुकानाच्या नावाने लिहिलंय म्हणजे माझंच आहे. मशीन ठेवून जा ताई, याचे पैसे नाही घेणार."

मी तिथेच बाकावर लॅपटॉप घेऊन बसले होते. वेबसाइटचा मजकूर सुधारायचं काम काकांनी मलाच दिलं होतं. आधीच्या एका कंपनीने त्यांना ६० लेखांचं पॅकेज विकलं होतं आणि ते सगळे लेख काकांनी न वाचताच साइटवर चढले होते. हा लेखही त्यातलाच. पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने. हा लेख मी चार दिवसांपूर्वी वाचला होता. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे मी स्वतः शेरा मारला होता: 'बरा आहे, शीर्षक बदलावं.'

भाषा स्वच्छ होती, उपशीर्षकं होती, मुद्दे सुटसुटीत होते. ते वाचून मी पुढे गेले. त्यात सांगितलेलं खरं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं तर ज्यांना विचारायचं ते काका माझ्यापासून चार हातांवर बसलेले होते. जुन्या लोखंडी मशिनांना तेलासाठी मुद्दाम छिद्रं ठेवलेली असतात, त्यांना तेल लागतंच. आजच्या बऱ्याचशा कॉम्प्युटराइज्ड मशिनांच्या पुस्तिकेत मात्र वापरणाऱ्याने तेल घालू नये असं लिहिलेलं असतं. काकांना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. लेख लिहिणाऱ्याने बहुधा दोन्ही प्रकारची मशिनं जवळून पाहिलीही नसतील.

तो लेख मी त्याच मिनिटाला साइटवरून उतरवला. मग लॅपटॉप मिटला, वही काढली आणि त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत फक्त ऐकत बसले.

फोन सतत वाजत होता. काका स्पीकर लावून, हातातलं काम न थांबवता बोलायचे. मी प्रश्न जसेच्या तसे उतरवत होते, एक शब्द न बदलता. 'मशीन चालतंय पण शिवत नाही.' 'खालून दोऱ्याचं जाळं होतंय.' 'वरून टाका छान येतो, उलटून बघितलं तर नुसता गुंता.' 'बॉबिन बदललं, तरी तेच.' (बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ.) त्या दिवशी ११ फोन आले आणि त्यातल्या ५ जणांचं दुखणं हेच होतं, शब्द तेवढे वेगळे. माझ्या कीवर्डच्या, म्हणजे लोक गुगलवर जे शब्द शोधतात त्यांच्या, यादीत पहिल्या ओळीवर होतं 'शिलाई मशीन दुरुस्ती सेवा'. फोनवर एकानेही हे शब्द उच्चारले नाहीत. आपल्याला 'सेवा' हवी आहे हे ज्याला कळलंय, तो सरळ दुकानात येतो. गुगलवर टाइप करतो तो माणूस अडलेला असतो. समोर अर्धवट शिवलेलं कापड असतं आणि नेमकं काय बिघडलंय याचं नावही त्याला माहीत नसतं.

त्या पाचही जणांना काकांनी एकच प्रश्न विचारला: "दोरा ओवताना पाय वर होता की खाली?"

मला काही कळेना. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, एक मशीन समोर ओढलं आणि पुढची छोटी झडप उघडली. आत दोन चकत्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. वरचा दोरा त्या दोघींच्या मधून जातो आणि त्यांच्या दाबाने त्याला ताण मिळतो. कापड दाबणारा पाय वर असला की या चकत्या सैल होतात आणि दोरा मध्ये नीट बसतो. पाय खाली असताना ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत न शिरता वरच्यावर राहतो. मग त्याला ताणच उरत नाही. मशीन सुरू झालं की तो सैल दोरा भराभर खाली ओढला जातो आणि कापडाखाली त्याचं जाळं होतं.

"जाळं खाली दिसतं ना," काका म्हणाले, "म्हणून लोक बॉबिनच्या मागे लागतात. स्क्रू पिळतात, बॉबिन नवं आणतात. खोड वरच्या दोऱ्यात असते."

त्यांनी मला पाय खाली ठेवून ओवायला लावलं. दोरा हाताने ओढला तर लोण्यासारखा आला. मग पाय वर करून पुन्हा ओवलं, पाय खाली केला आणि ओढला. आता सुई वाकायला लागली. हा फरक बोटांना कळला, आणि त्याच क्षणी लेख कसा लिहायचा हेही मला कळलं.

घरी जाऊन रात्रीच लिहायला घेतला. शीर्षक दिलं: 'मशीन खालून दोऱ्याचं जाळं करतंय? बॉबिनला हात लावू नका'. एरवी मी सुरुवातीला 'शिवणकाम हा अनेकांचा आवडता छंद आहे' छापाचा परिच्छेद टाकला असता. इथे पहिल्याच दोन ओळींत उत्तर दिलं: पाय वर करा, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. त्यानंतर दोरा ओढून बघायची चाचणी, आणि मग कारण. लोक स्क्रीनवर शब्द न् शब्द वाचत नाहीत, नजर फिरवतात, हे वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं. गुडघ्यावर कापड पसरून बसलेल्या माणसाची नजर तर आणखी घाईत असते.

फोटोसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. विकतच्या फोटोंमध्ये हसरी बाई आणि पांढरंशुभ्र मशीन मिळतं, चकत्यांमधला दोरा मिळत नाही. आम्ही लाल दोरा घेतला, खिडकीजवळ मशीन ठेवलं आणि मोबाइलने दोन फोटो काढले, एक दोरा चकत्यांच्या मध्ये बसलेला आणि एक वर तरंगणारा. फोटोच्या पर्यायी मजकुरात 'शिलाई मशीन फोटो' न लिहिता नेमकं काय दिसतंय ते लिहिलं, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते पोहोचेल.

मसुदा काकांना वाचून दाखवला, तर त्यांनी तिसऱ्या परिच्छेदातच थांबवलं. सुईची सपाट बाजू मागे ठेवावी, असं मी लिहिलं होतं. "सगळ्यांची मागे नसते. काही जुन्या मशिनांत दोरा आडवा ओवतात, तिथे सपाट बाजूही कडेला जाते." तेलाच्या लेखात जे घडलं तेच मी पुन्हा करणार होते. एका मशीनचं खरं मी सगळ्या मशिनांवर लावत होते. त्या दिवसापासून काकांनी वाचल्याशिवाय एकही ओळ साइटवर जाणार नाही, असा नियम केला. तो आजही आहे.

काकांची एक शंका मात्र रास्त होती. "सगळं फुकट सांगितलं तर दुकानात कोण येईल?" मी त्यांना वही दाखवली. आदल्या दिवशीच्या त्या पाच फोनपैकी चार त्यांनी फोनवरच सोडवले होते, तेही फुकटच. पाचव्याचं बॉबिन केस खरोखर घासलं गेलं होतं आणि तो मशीन घेऊन येणार होता. लेखाने तेच करायचं होतं. म्हणून शेवटी एक भाग घातला: 'एवढं करूनही जाळं होत असेल तर', आणि त्यात घरी काय उघडायचं नाही ते स्पष्ट लिहिलं.

उरलेल्या लेखांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. साइट गुगलवर किती दिसते, किती क्लिक मिळतात हे सांगणारं गुगलचं सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी दाखवतं. ती उघडली तर बहुतेक लेखांवर क्लिक जवळजवळ नव्हतेच. ४ लेखांत तथ्य होतं, ते काकांच्या शब्दांत नव्याने लिहिले. काही एकाच विषयाचे तुकडे होते, ते एकत्र करून जुन्या लेखांचे वेब-पत्ते नव्या लेखाकडे कायमचे वळवले. बाकीचे काढूनच टाकले. काकांना हळहळ वाटली, पैसे मोजले होते त्यांनी. पण लेखांचा ढीग ही जमेची बाजू नसते. गुगलने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्तेच्या निकषांत 'अनुभव' (लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली-पाहिली आहे का) हा शब्द वेगळा जोडला, आणि मार्च २०२४ मध्ये केवळ शोधाच्या निकालांत वर येण्यासाठी घाऊक पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम कडक केले. (लेख अमुक शब्दांचाच हवा असा नियम मात्र गुगलने कधीच केलेला नाही. तरीही १००० शब्दांचा हट्ट मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं.) पण खरं सांगायचं तर हे नियम नसते, तरीही तेलाने माखलेला तो बोर्ड पाहिल्यावर मी ते लेख ठेवले नसते.

आठवड्याने ताई मशीन न्यायला आल्या. बोर्ड स्पिरिटने पुसून वाचला होता, पट्टा नवा घातला होता. तेलाचा लेख मी नव्याने लिहिला होता आणि त्यावर काकांची सहीही झाली होती. लोखंडी मशीन, कॉम्प्युटराइज्ड मशीन, कोणाला तेल द्यायचं, कोणाला नाही, सगळं नीट मांडलं होतं. प्रसिद्ध करण्याआधी मी तो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सावकाश वाचला. मग विचारलं, "पण माझं मशीन यातलं कुठलं, हे मला कसं कळणार? आणि तेलाचं भोक कुठलं नि हवेचं कुठलं?"

काका आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आम्हा दोघांपैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं. काकांनी ड्रॉवरमधून दोन पुस्तिका काढल्या. एकीत तेलाच्या जागा बाणांनी दाखवल्या होत्या. दुसरीत तेल घालू नये असं छापलेलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि लेखाची पहिली ओळ बदलली: 'तेलाची बाटली हातात घेण्याआधी मशीनसोबत आलेली पुस्तिका शोधा. त्यात बाणाने दाखवलेली जागा असेल तरच तिथे तेल घाला. पुस्तिका सापडली नाही, तर बाटली बंद ठेवा आणि आम्हाला फोन करा.'

ताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "हे कळलं," त्या म्हणाल्या. मग मी लेख प्रसिद्ध केला.