आडवे नऊ : तो मी ...

मराठी शब्दकोड्यात अर्धं नाटक फार वेळा भेटतं. ‘सखाराम ...’, चार अक्षरं. ‘एकच ...’, दोन अक्षरं. ‘एक पक्षी’, ‘एक नदी’ असल्या कोरड्या सूचनांपेक्षा मला हे कधीही चालतं.

नाटकाचं नाव अर्ध्यावर सोडायची खोड तशी कोडंवाल्याची नाहीच, आपली आहे. ‘कट्यार’ लागलंय, ‘घाशीराम’ बघितलं, ‘अश्रूंची’ला काय रडलो, असंच आपण बोलतो. पुढचं शेपूट कुणी उच्चारत नाही. कोडंवाला नेमकं तेच मागतो. ‘रायगडाला जेव्हा ... येते’ म्हटल्यावर चांगला नाटकवेडा माणूसही क्षणभर गप्प होतो, कारण त्याच्या लेखी ते नाटक ‘रायगडाला’ इथेच संपलेलं असतं. मग तो नाव मोठ्यानं म्हणून बघतो आणि ‘जाग’ आपोआप येते. अशा सूचना डोक्यानं कमी, कानानं जास्त सुटतात.

म्हणूनच त्या चारचौघांत सोडवाव्यात. आमच्या मंगळवार पेठेतल्या सलूनमध्ये पेपर एक आणि गिऱ्हाईकं पाच-सहा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ओरडायचं.

“आडवे नऊ. तो मी डॅश. तीन अक्षरी.”

“नव्हेच! लिव्हा,” वस्तरा न थांबवता आण्णा म्हणाले. “लखोबा लोखंडे. आपल्या निपाणीचा.”

अत्र्यांचं हे नाटक 1962 सालचं. त्यातला लखोबा स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवतो, आणि निपाणी इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे त्या भामट्याबद्दलही कोल्हापुरात घरचा माणूस असल्यासारखं बोललं जातं. पणशीकरांनी तो कसा उभा केला, यावर आण्णांच्या हातून एक दाढी बराच वेळ अर्धीच राहिली.

सगळ्यात आळशी सूचना म्हणजे ‘संगीत ...’. तीन घरं असली तर ‘सौभद्र’ की ‘शारदा’? पाच असली तर ‘मानापमान’ की ‘मृच्छकटिक’? आपल्याकडे मात्रा, जोडाक्षर सगळं एकाच घरात बसतं, त्यामुळे दोन्ही चपखल. उभा शब्द हाती लागेपर्यंत नुसता संशयकल्लोळ. (त्याला सहा घरं लागतात.) कोल्हापूरकर मात्र पाच घरं दिसली की डोळे झाकून ‘मानापमान’ भरतो. 1921 साली बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर असा त्याचा संयुक्त प्रयोग झाला होता, आणि केशवराव आमचे. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचंच नाव दिलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. नंतर बरेच दिवस सलूनमध्ये नाटकाची सूचना आली की गाडी तिकडेच वळायची आणि कोडं तसंच राहायचं.

परवा मात्र खरी जुंपली. ‘लेकुरे उदंड ...’, दोन अक्षरं. कुणीतरी पेनानं ठसठशीत ‘झाली’ लिहून मोकळं झालं होतं. उभी सूचना ‘गणपतीचं लाल फूल’. आता ‘झा’वरून कुठलं फूल सुरू होणार?

“छपाईची चूक,” एकानं निकाल दिला.

“चूक नव्हे,” बाकावरचे निवृत्त मास्तर म्हणाले. “‘जाली’ आहे ते. दासबोधातलं. जास्वंद लिहा.”

‘झा’वर ‘जा’ गिरवून कागद फाटायला आला.

“आणि ‘अश्रूंची झाली फुले’ पण ‘लेकुरे’वाल्या कानेटकरांचंच की,” आण्णा आरशात बघत म्हणाले. “तिथं मग ‘झाली’ कशी?”

मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली आणि ते घाईघाईनं दाढीला बसले.