तुम्ही विचारलंत म्हणून : हे वाक्य आलं कुठून?

‘निबंधात विकिपीडियाचा संदर्भ दिला की तुम्ही मार्क कापता आणि सत्राचा प्रकल्प म्हणून विकिपीडियावरच लिहायला लावता. हे कसं काय?’ मी जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि सहकारी तर दरवर्षी विचारतात. विद्यार्थ्यांना मी ढोंगी वाटते. सहकाऱ्यांना वाटतं, हिला पेपर तपासायचा कंटाळा आहे. (पेपरांच्या दुप्पट वेळ याला लागतो, पण ते असो.)

मार्क कापते ते माहिती चुकीची असते म्हणून नव्हे. विश्वकोशातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर उभं असतं आणि विद्यार्थ्यानं त्या कामापर्यंत जावं, एवढीच माझी अपेक्षा असते. विकिपीडियाचा नियमही तोच आहे : आपलं नवं संशोधन इथे मांडू नका आणि जे लिहाल ते वाचणाऱ्याला पडताळून बघता आलं पाहिजे. वाचताना हा नियम कुणाच्या डोक्यातही येत नाही. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला अडतो.

एका विद्यार्थिनीनं आतड्यातल्या जिवाणूंवरचा लेख सुधारायला घेतला होता. माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य त्यात हवंच असं तिचं म्हणणं. मीही ते कितीतरी वर्षं वर्गात ऐटीत सांगत आले होते. म्हटलं, घाल, पण संदर्भ दे.

तिला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. पाठ्यपुस्तकात वाक्य सापडलं, संदर्भ नव्हता. एका रिव्ह्यू पेपरात, म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या लेखात सापडलं, त्यानं आणखी जुन्या रिव्ह्यूकडे बोट दाखवलेलं. असं मागे मागे जात ती ड्वेन सॅव्हेज यांच्या १९७७ च्या लेखापाशी पोचली आणि तिथून थॉमस लकी यांच्या १९७२ च्या लेखापाशी. तिथे मोजदाद नव्हती, ढोबळ गुणाकार होता. आतड्यातल्या ऐवजात ग्रॅममागे दहा हजार कोटी जिवाणू, ऐवज धरा एक किलो, झाले शंभर लाख कोटी. पण एवढी दाटी फक्त मोठ्या आतड्यात असते आणि तिथला ऐवज जेमतेम ४०० मिलिलिटर. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी हिशेब नव्यानं केला. ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. दहापट कसली, जवळजवळ बरोबरी.

इथे ती खूश होऊन थांबली असती तर मीही थांबले असते. पण तिनं पेपर शेवटपर्यंत वाचला. त्या ३० लाख कोटींत ८० टक्क्यांहून जास्त पेशी म्हणजे तांबड्या रक्तपेशी, ज्यांना केंद्रकच नसतं. केंद्रक असलेल्याच पेशी मोजायच्या म्हटलं तर गुणोत्तर पुन्हा दहाच्या आसपास! ती माझ्याकडे आली ती वैतागून. ‘मॅडम, मग मी लिहू काय?’ तीन आठवड्यांत तिनं त्या लेखात दोन वाक्यं घातली : आकडा कोणाचा, कोणत्या शरीरासाठी आणि पेशी म्हणून काय काय मोजलं. त्या सत्रातले सगळ्यात चांगले मार्क मी त्या दोन वाक्यांना दिले.

पहिल्या वर्षी मी हे देऊ शकले नसते. तेव्हा मी लेखात किती शब्द वाढले यावर मार्क ठेवले होते. मुलांनी फुगवून फुगवून लिहिलं, काहींनी पुस्तकातले परिच्छेद तसेच उचलले आणि तो पसारा आवरायला लागला तो विकिपीडियाच्या स्वयंसेवक संपादकांना, ज्यांचा माझ्या मार्कांशी काही संबंध नाही. त्यातल्या एकानं चर्चा पानावर मला सौम्य शब्दांत जे सुनावलं ते मी अजून विसरलेले नाही. आता मुलं आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिहितात, एकमेकांचे संदर्भ उघडून तपासतात आणि मगच मजकूर मूळ लेखात जातो. कुणी तो उलटवला, म्हणजे काढून लेख पूर्ववत केला, तर मार्क जात नाहीत.

उलटवला तर जातोच. एका मुलानं जिवाणू आणि नैराश्य यांच्यावर एक ताजा शोधनिबंध वापरून परिच्छेद लिहिला आणि तासाभरात कुणीतरी तो काढून टाकला. कारण दिलं होतं : एकच प्राथमिक अभ्यास, तोही उंदरांवरचा. मुलगा भडकला. ‘पण पेपर खरा आहे!’ पेपर खराच होता. फक्त त्याच्या परिच्छेदात उंदीर हा शब्द कुठेही नव्हता. आरोग्याविषयीच्या विधानाला एकट्यादुकट्या प्रयोगापेक्षा अनेक अभ्यासांचा आढावा आधाराला हवा, हे मी पाठ्यक्रमाच्या पहिल्याच दिवशी सांगते. ऐकतं कोण? पण अनोळखी माणसानं लिहिलेलं पुसलं की लगेच ऐकू येतं.

‘हे काय शास्त्रज्ञांचं काम आहे?’ असंही विचारतात. ‘आरएनए बायॉलॉजी’ या संशोधन नियतकालिकानं २००८ मध्येच आरएनएच्या (पेशीतल्या, डीएनएसारख्या रेणूच्या) नव्या कुळांवर लिहिणाऱ्या लेखकांना विकिपीडियासाठीही लेख द्यायची अट घातली होती. एवढं सांगितलं की बहुतेक जण विषय बदलतात.

त्या मुलीची दोन वाक्यं आता जशीच्या तशी राहिलेली नाहीत. कुणीतरी ती एकत्र करून नवा संदर्भ जोडला आहे. तिनंच मला कळवलं. मला वाटलं, नाराज असेल. तर म्हणाली, ‘संदर्भ माझ्यापेक्षा चांगला आहे, मॅडम. आकड्याचं एकक मात्र खाल्लं होतं, ते मी घालून आले.’