दोन फुगवट्यांची नळी

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले आणि आयुष्यातला पहिला रणगाडा मी पाहिला तो तिथल्याच यार्डात, एका सपाट वाघिणीवर, ताडपत्रीखाली झाकलेला. ताडपत्रीच्या बाहेर फक्त तोफेच्या नळीचे टोक आणि मागचे दातेरी चाक दिसत होते. उरलेला रणगाडा मी त्या दोन टोकांवरून मनाने रचला आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर काढला. आज पन्नाशी उलटल्यावर १:३५ प्रमाणातले रणगाडे मी टेबलावर जुळवतो तेव्हाही काम बहुतांशी तेच असते: थोडे दिसते, त्यावरून बाकीचे ठरवायचे.

गेले वर्षभर माझ्या टेबलावर जो रणगाडा होता तो म्हणजे १९७१च्या युद्धातला भारतीय टी-५५. मूळ रणगाड्याच्या हलची, म्हणजे खालच्या धडाची, लांबी ६.४५ मीटर आणि नळी पुढे धरली तर एकूण लांबी ९ मीटर आहे. ३५ने भागल्यावर हे आकडे अनुक्रमे साडेअठरा आणि पावणेसव्वीस सेंटिमीटरच्या आसपास येतात, म्हणजे जेवणाच्या ताटात तिरका ठेवला तर जेमतेम मावेल एवढा. जपानी किटमधले प्लास्टिकचे भाग अतिशय नेटके होते आणि केवळ तेच जोडले असते तरी कपाटात शोभेलसा रणगाडा तयार झाला असता. मग वेगळे विकत मिळणारे सुटे भाग, म्हणजे पितळी पत्र्याचे तुकडे, धातूची नळी, धातूच्या कड्यांचे पट्टे, कशासाठी घ्यायचे, आणि तेही किटपेक्षा जास्त पैसे मोजून, हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आणि त्याचे उत्तर मी मडगार्डाकडे बोट दाखवून दिले.

खऱ्या रणगाड्याचे मडगार्ड दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असते. प्लास्टिक साच्यातून निघताना एक मिलिमीटरपेक्षा फारसे पातळ होत नाही, आणि १:३५ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पस्तीस मिलिमीटर जाडीचा पत्रा झाला. एवढ्या जाडीचे मडगार्ड झाडाला घासून वाकणार नाही, आणि न वाकलेले, न चेपलेले मडगार्ड असलेला युद्धातला रणगाडा मी अजून एकाही छायाचित्रात पाहिलेला नाही. पितळी पत्रा ०.१५ मिलिमीटर जाडीचा मिळतो. तोही काटेकोर हिशेबाने जाडच आहे, परंतु डोळ्याला तो पत्रा वाटतो आणि बोटाने दाबल्यावर पत्र्यासारखाच चेपतो. जे प्लास्टिकला जमणारच नाही तेवढेच विकत घ्यावे, असा माझा साधारण नियम आहे. ज्या किटमध्ये हेडलाइटच्या जाळ्या पुरेशा बारीक निघालेल्या असतात त्यात केवळ संचात आहेत म्हणून पितळी जाळ्या लावणे म्हणजे हौसेला मोल नाही एवढेच.

हे पितळी भाग कापलेले नसतात, ते खाऊन काढलेले असतात. पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारा थर देतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, न कडकलेला थर धुऊन काढतात आणि उघडे पडलेले पितळ फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळू देतात. जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्धाच खाल्लेला असतो आणि एक खोबण तयार होते. घडी घालताना ही खोबण आतल्या बाजूला यावी लागते, हे पहिला तुकडा उलटा वाकवून मोडल्याशिवाय कोणीच शिकत नाही असे मला वाटते. मी दोन मोडले.

तिसरा मोडण्यापूर्वी मी जळगावला गेलो. आमच्या शेजाऱ्यांचे मेहुणे तिथल्या सराफ बाजारात कारागीर आहेत. चाळीस वर्षे मंगळसूत्राच्या वाट्या आणि नथीची तार हाताळलेल्या त्या माणसासमोर मी काडेपेटीतून पितळी जाळीचा तुकडा काढून ठेवला, तेव्हा त्यांनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘‘याचं काय होईल?’’ मी म्हणालो, ‘‘काका, रणगाड्याच्या दिव्याची जाळी.’’ त्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. मडगार्डाला गोलाई देताना पत्रा उसळून पुन्हा सरळ होतो, ही माझी तक्रार त्यांनी ऐकून घेतली. ‘‘तुम्ही त्या पितळाशी भांडून राहिले ना भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘आधी त्याला नरम तर करा.’’

पितळ तापवून नरम करतात हे मी वाचलेले होते आणि घरच्या गॅसवर करूनही पाहिले होते. त्या प्रयोगात मडगार्डाचे एक टोक मेणासारखे खाली बसले होते. काकांनी ट्यूबलाइट बंद केली. त्यामागचे कारण त्यांनी सांगितले नाही, पण ज्योत लांबून, मऊ करून, पत्र्यावर फिरवायला लागल्यावर ते मला कळले: पितळाला जो अंधूक लालसरपणा यायला हवा तो उजेडात दिसतच नाही, आणि उजेडात दिसेल इतका लाल होईपर्यंत एवढ्या पातळ पत्र्याची वेळ निघून गेलेली असते. रंग दिसताच त्यांनी ज्योत बाजूला घेतली आणि पत्रा सरळ पाण्यात टाकला. पोलाद असे पाण्यात टाकले तर कडक होते, पितळ नरमच राहते. त्यानंतर तोच पत्रा मी ड्रिलच्या दांड्यावर अंगठ्याने दाबला आणि तो जसा दाबला तसा राहिला.

जोडकामाचेही तसेच झाले. मी सगळे सुपरग्लूने चिकटवत असे, आणि सुपरग्लू खानदेशात ऋतूप्रमाणे वागतो. तो हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आणि हवेत ओलाव्याचा मागमूस नसताना, चिमट्यात धरलेला तुकडा हात भरून आला तरी चिकटत नाही. श्रावणात तोच थेंब टोचणीवरून भागापर्यंत पोहोचायच्या आत आवळू लागतो आणि सांध्याभोवती पांढरी भुरी उमटवतो. उन्हाळ्यात कूलर लावावा तर एक-दोन मिलिमीटरचे पितळी तुकडे त्या वाऱ्यावर उडून जातात. एका हॅचची मूठ मी अशी घालवली आणि ती दिवाळीच्या साफसफाईत कूलरच्या गवतात सापडली. काकांचा सल्ला होता की पितळाला पितळ झाळायचेच असते. त्यांचा टाकणखार आणि चांदीचा डाग, म्हणजे सराफी झाळण, माझ्या पत्र्याला झेपणारा नव्हता, म्हणून मी साधे कथील-शिशाचे सोल्डर आणि बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न वापरले, पण पद्धत त्यांचीच घेतली. सोल्डरची तार हातोडीने चपटी करायची, तिचे तिळाच्या निम्म्या आकाराचे कण कापायचे, सांधा घासून स्वच्छ करायचा, फ्लक्स लावायचा, कण सांध्यावर ठेवायचा आणि कणाला हात न लावता शेजारचे पितळ तापवायचे. पितळ पुरेसे तापले की कण आपोआप वितळून सांध्यात ओढला जातो. तो क्षण भिंगातून पाहताना मला अजूनही बरे वाटते.

पट्ट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, ते काम केवळ कष्टाचे आहे. टी-५५च्या एका पट्ट्यात ९० कड्या, म्हणजे दोन्ही मिळून १८०. मी घेतलेल्या हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलच्या पट्ट्यात पांढऱ्या धातूची प्रत्येक कडी सुटी येते, तिची भोके हातड्रिलने साफ करून तारेने पुढच्या कडीला ओवावी लागतात. रोज रात्री दहा-बारा कड्या ओवत मी अर्ध्याहून अधिक आषाढ त्यात घातला. या वजनदार पट्ट्याचा उपयोग मात्र टी-५५वर विशेष दिसतो, कारण या रणगाड्याला पट्टा वर उचलून धरणाऱ्या छोट्या चाकांची रांग नाही. वरचा पट्टा थेट पाच मोठ्या चाकांवर लोळतो, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांमध्ये जी रुंद फट आहे तिथे तो झोळीसारखा खाली येतो. ही झोळी प्लास्टिकच्या पट्ट्यात दोऱ्याने बांधून आणावी लागते, धातूचा पट्टा स्वतःच्या वजनाने तशी घेतो. त्याच वजनामुळे चाकांच्या प्लास्टिकच्या भुजा फाकू नयेत म्हणून आतून तारेचे आस घालून घ्यावेत, हे मी पट्टे चढवल्यानंतर केले. आधी करायला हवे होते.

आता नळीकडे येतो, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

किट मागवतानाच मी सोबत कातलेल्या ॲल्युमिनियमची नळी मागवली होती. अनेक किटांत प्लास्टिकची नळी दोन अर्ध्या भागांत असते, ते भाग जोडून सांधा घासता घासता नळीचा गोलपणा जातो, म्हणून हा खर्च मला रास्त वाटतो. १९७१मध्ये ढाक्याच्या दिशेने निघालेल्या भारतीय टी-५५ची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत नळीच्या मधोमध एक जाड फुगवटा स्पष्ट दिसतो. तो पाहून मी निष्कर्ष काढला की ही १०५ मिलिमीटरची ब्रिटिश घराण्यातली एल-७ तोफ आहे. भारताने पुढे आपल्या टी-५५वर ती तोफ बसवली हे मला माहीत होते, आणि तिचा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर नळीच्या मध्याजवळच असतो. गोळा सुटताना मागे उरणारा विषारी धूर बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागात, येऊ नये म्हणून नळीभोवती हे पोकळ नळकांडे असते: गोळा जाताना थोडा वायू त्यात भरतो आणि गोळा बाहेर पडताच तो वायू तोंडाच्या दिशेने सुटून नळीतला धूर स्वतःबरोबर ओढून नेतो. मूळ रशियन १०० मिलिमीटर तोफेचे असे नळकांडे अगदी तोंडाशी असते. तेव्हा मध्यावर फुगवटा म्हणजे एल-७, असे गणित मांडून मी एल-७ची नळी मागवली, सीमाशुल्क भरले आणि दीड महिना टपालाची वाट पाहिली.

नळी हाती आल्यावर ती बुरुजात अडकवून मी छायाचित्राशी ताडून पाहत होतो, तेव्हा मोठ्या केलेल्या छायाचित्रात नळीच्या तोंडाशीही एक फुगवटा दिसला. आधी तो मला मागच्या झाडाचा भाग वाटला होता. मग दुसरे छायाचित्र काढले, तिसरे काढले. दोन्हीकडे फुगवटे. एकाच तोफेला दोन फ्यूम एक्स्ट्रॅक्टर असण्याचे काहीच कारण नाही.

त्याचा उलगडा असा आहे की मधला फुगवटा खोटा आहे. त्या वेळी पाकिस्तानकडे चिनी बनावटीचे टाइप-५९ रणगाडे होते, आणि टाइप-५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४एचीच चिनी आवृत्ती. समोरून येणारा घुमटासारखा ओतीव बुरूज आपला की शत्रूचा, हे धुळीत क्षणात ओळखणे अवघड होते. म्हणून भारतीय टी-५४ आणि टी-५५च्या नळ्यांवर मध्यभागी एक नकली नळकांडे चढवण्यात आले, जेणेकरून लांबूनच बाह्याकृतीवरून आपली गाडी ओळखता यावी. तोफ होती ती मूळची १०० मिलिमीटरचीच. मी मागवलेली नळी १९७१च्या रणगाड्यावर एक दिवसही नव्हती.

विकत आणलेल्या भागाचा हा एक धोका आहे: तो इतका रेखीव असतो की तो बरोबरच असणार असे वाटू लागते. मी पुन्हा १०० मिलिमीटरची नळी मागवली, आणि नकली नळकांडे घरीच केले, कारण ते माझ्या कोणत्याच संचात नव्हते. छायाचित्रातल्या नळीचे तोंडापासून बुरुजापर्यंत किती भाग पडतात आणि नळकांडे त्यांतल्या कितव्या भागावर सुरू होते, हे मी कर्कटकाने मोजले. रणगाडा छायाचित्रात तिरका असल्याने जवळचे अंतर मोठे आणि लांबचे लहान दिसते, म्हणून जवळजवळ बाजूने घेतलेले एकच छायाचित्र प्रमाण मानले. प्लास्टिकची पातळ पट्टी नळीवर घट्ट गुंडाळत नेली, प्रत्येक वेढ्याला पातळ सिमेंट लावले, दोन दिवस वाळू दिले आणि मग नळी हातड्रिलमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपरने दोन्ही टोके उतरती केली. एकूण खर्च सांगण्याजोगा नाही. या रणगाड्याला १९७१चा भारतीय रणगाडा कोणी म्हणणार असेल तर तो या वेढ्यांमुळे.

बुरुजाच्या पृष्ठभागासाठी मी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जाऊन आलो. १९९४मध्ये सुरू झालेले तिथले रणगाडा संग्रहालय खानदेशातून एका दिवसात पाहून परतता येते. ओतीव बुरूज दुरून गुळगुळीत दिसतो आणि जवळ गेल्यावर ओबडधोबड खलबत्त्यासारखा निघतो, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ब्रश किती दाबायचा हे कळत नाही. घरी येऊन पुट्टी पातळ केली आणि राठ ब्रशने ठेचत बुरुजावर लावली. हलचे पत्रे लाटीव पोलादाचे असल्यामुळे तिथे मात्र ती मुळीच लावायची नाही.

रंगाचे काम मी पहाटे पाचला करतो, कारण उन्हाळ्यात नंतर अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो. चिखलाविषयी एक कबुली देतो. माझ्या जुन्या रणगाड्यांवर मी आमच्या शेतातली काळी कपाशीची माती मलमलीतून वस्त्रगाळ करून लावलेली आहे, आणि ती दिसतेही सुरेख. पण पूर्व बंगालच्या नद्यांच्या गाळात उतरलेल्या रणगाड्याला खानदेशची काळी कशी लावणार? वाळल्यावर फिकट राखाडी-भुरा पडणारा गाळ मी तयार पिगमेंटमधून मिसळला. फक्त पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, चिमूटभर काळी माती घातली आहे. ते शास्त्राला धरून नाही.

रणगाडा पूर्ण झाल्यावर तो बुटाच्या खोक्यात ठेवून जळगावला नेला. काकांनी डोळ्याला भिंग लावले, बुरुजाकडे पाहिले नाही, नळीकडे पाहिले नाही, सरळ हेडलाइटच्या जाळीवर आले. उजव्या बाजूच्या सांध्यावर डाग, म्हणजे सोल्डर, जास्त झाला आहे, असे ते म्हणाले. रंगाखालूनही ती गाठ दिसत होती. कानशीने उतरवायची तर रंग जाईल, म्हणून ती तशीच ठेवली आहे, आणि एल-७ची नळी खणात पडून आहे.