कव्हर भूपचं, आत सरोद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण ते कपाट बघतो आणि म्हणतो, "काका, आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग या रेकॉर्डी अजून कशाला? आवाज खरंच चांगला असतो का?"

आवाजाचं म्हणाल तर नाही. रेकॉर्डच्या आवाजाला ऊब असते म्हणे. ती आमच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर मला तरी कधी जाणवली नाही. खरखर मात्र भरपूर होती, आणि शेजारी कोणी पाटा-वरवंटा घेतला की सुई उडायची ती वेगळीच. त्यामुळे आवाजासाठी मी कोणाशी भांडणार नाही.

गोष्ट १९७८ च्या पावसाळ्यातली. फोर्टमधल्या बँकेत नोकरी, बिऱ्हाड गिरगावात, दीड खोलीचं. एलपी (लांब चालणारी मोठी रेकॉर्ड) पन्नास रुपयांच्या घरात, म्हणजे महिन्याला एक, तीही आईला न सांगता. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये बूथ होते, त्यात उभं राहून रेकॉर्ड ऐकून घेता यायची. (२०१६ साली ते दुकान बंद झालं, त्या आठवड्यात मी मुद्दाम त्या बाजूला गेलो नाही.) मी तिथे ऐकायचो फार, घ्यायचो कमी. तर त्या महिन्यात ठरवलं होतं, किशोरीताई आमोणकरांचा भूप राग घ्यायचा. घाईघाईत तो घेतला मात्र घराजवळच्या एका लहानशा दुकानातून, न ऐकता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, शर्टाच्या आत धरून चाळीत आणला. हात पुसले, सुई ठेवली, आणि सरोद सुरू झाला.

लेबल वाचलं. अली अकबर खाँ, राग चंद्रनंदन. कव्हर भूपचं, आत हे. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "फोडलेला माल परत नाही." वाद घातला, उपयोग झाला नाही.

आता पन्नास रुपये गेलेत म्हटल्यावर ऐकणं आलंच. रोज ऑफिसातून आलो की तीच रेकॉर्ड. पहिला आठवडा नुसता संताप. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अजून ताराच जुळवतोय का रे तो?" मलाही तसंच वाटत होतं. मालकंस राग ऐकतोय म्हणावं तर मध्येच चंद्रकंसाची वाट, तिथून कुठेतरी कौशी कानड्याचा भास. हाती काही लागेना. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी भाजी निवडत होतो, रेकॉर्ड चालू होती, आणि पुढचा सूर यायच्या आधी तो माझ्याच तोंडून आला. भाजी तशीच राहिली.

पुढे वाचनात आलं की हा राग खाँसाहेबांनी आधी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तीन मिनिटांच्या तबकडीसाठी जागच्या जागी बांधला होता. ती गाजली, आणि मग २२ मिनिटांची एलपी करायची वेळ आली तेव्हा आपण काय वाजवलं होतं हे समजायला त्यांनाच ती तबकडी पुनःपुन्हा ऐकावी लागली म्हणे. मला तीन आठवडे लागले यात लाज वाटायचं कारण उरलं नाही.

डाउनलोडला मी नावं ठेवत नाही. डायल-अपच्या काळात भाच्याने मला पहिली एमपीथ्री उतरवून दिली. वीसेक मिनिटांची फाइल म्हणजे वीसेक एमबी, तासावर तास लागले, फोन तेवढा वेळ बंद, बहिणीची बोलणी मला. पण जी ध्वनिमुद्रणं जन्मात मिळाली नसती ती मिळाली. पुढे हार्ड डिस्क गेली आणि सगळी एका दुपारी गेली. आता अ‍ॅपवर 'डाउनलोड' म्हणतात त्याची तर गंमतच आहे. स्पॉटिफायला महिन्यातून एकदा तरी नेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेलं गाणं वाजत नाही. पैसे भरायचे थांबलात की संपलं. आणि तबल्यावर कोण आहे? पत्ता नाही. कव्हरच्या मागे ते नाव छापलेलं असायचं, मी ते पाठ करायचो.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर अंगठ्यात आहे. तोच चंद्रनंदन मला मोबाइलवर भेटला असता, तर विसाव्या सेकंदाला मी पुढे सरकलो असतो. मी स्वतःला ओळखतो. आजही तेच करतो, चर्नी रोडपासून ग्रँट रोड येईपर्यंत चार राग बदलून होतात.

भूप वर्षभराने पुन्हा घेतला, या वेळी बूथमध्ये ऐकून. चंद्रनंदन अजून त्या चुकीच्या कव्हरातच आहे. म्हणजे मुंबईत कोणाच्या तरी घरी सरोदच्या कव्हरात भूप गेला असणार. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, अली अकबरांचं कव्हर दिसलं की मी अजूनही बोटाने फाकवून आतलं लेबल बघतो. दुकानदार वैतागतात.