एक्स-रेमधली काळी रेघ

चिरंजीव गच्चीच्या जिन्यावरून घसरले, मनगट टम्म सुजलं. एक्स-रे उजेडात धरला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मनगटाच्या जरा वर, हाडात आडवी काळी रेघ!

"मोडलंय ना हो?"

डॉक्टर हसले. "अहो ताई, ही ग्रोथ प्लेट. 12 वर्षांच्या मुलाला असायलाच हवी."

हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामधली कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाची चकती. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून फट वाटते. म्हणे हाही सांधाच, पण न हलणारा, तात्पुरता. हाड लांबतं ते इथेच. मुलग्यांमध्ये साधारण 17-18 व्या वर्षी चकतीचंही हाड होतं.

मुका मार होता, क्रेप बँडेजवर निभावलं. माझी रेघ मात्र 4 फूट 11 इंचांवरच बुजली.