काठवट

आज आईचं तेरावं झालं. मांडव नाही, गोंगाट नाही, पंगतीत माणसं बेताची. भांडी घासून पालथी घातल्यावर घर एकदम रिकामं वाटायला लागलं, म्हणून लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात दादाबरोबर नगरपालिकेत गेले होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. आधार कार्डावर आईचा जन्म १ जानेवारी १९४०. मतदार ओळखपत्रावर ती आणखी दोन वर्षांनी लहान, आणि रेशनकार्डाप्रमाणे तर स्वतःच्या धाकट्या जावेपेक्षाही धाकटी. खिडकीतल्या पोराने विचारलं, "काकू, यातलं कुठलं धरू?" दादा म्हणाला, आधार धरा. झालं. एका मिनिटात वय ठरलं.

घरी येऊन मामाला सांगितलं तर तो उसळलाच. "हट्! साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा अक्का नऊ वर्षांची होती. मी पाचाचा." ते उपोषण १९४७ च्या मे महिन्यातलं, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून. गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात होते. आई मैत्रिणीचा हात धरून तिथवर जाऊन आली होती. घरी येताच आजीने आधी एक ठेवून दिली आणि मग डोक्यावरून घागर ओतली. आई हे सांगताना दर वेळी तेच म्हणायची, "गर्दीत दिसलं तर काहीच नाही गं, आंघोळ तेवढी फुकटात झाली." म्हणजे जन्म १९३८ चा. सत्त्याऐंशी वर्षं जगली. कागदावर दोन कमी.

नावाचंही तेच. दहाव्याला मामा आला आणि दारातूनच तिच्या माहेरच्या नावाने हाक मारून रडला. शेजारच्या काकू माझ्याकडे बघायला लागल्या, कुणाला हाक मारतोय हा? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं पंढरपुरातच राहिलं. आम्ही तिघं भावंडं ते नाव फार तर दोन-चार वेळा ऐकलेली. आईला असली जाहिरात आवडली नसती, म्हणून इथेही दोन्ही नावं लिहीत नाही.

लग्न १९५७ चं, नवे पैसे निघाले त्याच वर्षाचं. नव्या पैशांशी तिचं कधी जमलं नाही. अगदी परवापरवापर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच. पंढरपूरहून बार्शीला ती बार्शी लाइटने आली. अडीच फुटी रुळावरची ती गाडी वाटेत कुर्डुवाडीला एवढी रेंगाळायची की आईच्या म्हणण्याप्रमाणे सासरची भीती तिथेच संपली. पुढे कधी माहेरी जायला मिळालं तर याच गाडीने. पंढरपूरला विठोबा, बार्शीला भगवंत. अंबरीषाच्या द्वादशीच्या व्रताची कथा भगवंताचीच, त्यामुळे तिचा हिशोब ठरलेला: एकादशी माहेरची, बारस सासरची.

अण्णा मिलमध्ये. भोंगा झाला की भाकरी तव्यावर पडायची, घड्याळाची गरज आम्हाला कधी लागली नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. मालदांडी खाल्लेल्या जिभेला ती नको व्हायची, आणि पिठाला विरी नाही, थापताना कडा फाटायच्या. आई आधण ठेवायची, उकळतं पाणी ओतून पीठ काठवटीत मळत राहायची. तळहात लाल व्हायचे. मला ते हात आठवतात, भाकरीची चव आठवत नाही. दादा म्हणतो घाण लागायची. असेल.

१९९३ ला अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून सगळे झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची पातेली वाजायला लागली. आई ओरडली, "मिलचा बॉयलर फुटला!" भूकंप होता, किल्लारीचं नाव दिवस उजाडल्यावर कळलं. गल्लीतल्या बायकांनी भाकरी करायच्या ठरवल्या. आईने दीड पायली पीठ संपवलं, शेंगाची चटणी कुटली, सगळं जुन्या धोतरात बांधून ट्रकवर चढवलं. मग आठ दिवस अंगणात झोपली आणि आम्हालाही झोपवलं. एरवी भित्री नव्हती.

बाकी वर्षांबद्दल काय लिहू? आमची लग्नं, बाळंतपणं, अण्णांचा दमा, चार-चार दिवसांनी नळाला येणारं पाणी. ती भरत राहिली.

आज जेवणं झाल्यावर मामाने जरा चाचरतच विचारलं, "ती काठवट आहे का अजून?" माळ्यावर होती. वहिनी परातीत मळते, गॅसवर भाजते, तिचं चूक नाही. मी काढून पुसली. सागाची, एका बाजूने तडकलेली, तळाला जुनं पीठ दगडासारखं धरलेलं. दादा कुरकुरला, मुलीबरोबर दिलेली वस्तू माहेरी परत जात नाही म्हणून.

"दिलीय कुणी?" मामा म्हणाला. "अक्काने न विचारता उचलून आणलीय. आमची आई मरेपर्यंत शोधत होती."

आम्हाला आईने जन्मभर सांगितलं होतं, माहेरून प्रेमाने दिलेली. मी इतकी हसले की वहिनीने आत येऊन बघितलं.

संध्याकाळी मामाला एसटीत बसवायला गेलो. काठवट टॉवेलात गुंडाळून मांडीवर. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट नाही, म्हणून कंडक्टरने आधार मागितलं. मामाने चष्म्याच्या डबीतून काढून दिलं. मी वाकून बघितलं. त्यावरही १ जानेवारीच.