कट्टा तोडून काय मिळवलं?

आमच्या गल्लीत वाढदिवस रात्री बारालाच होतात. बुलेटच्या बदललेल्या सायलेन्सरची फाट-फाट सुरू झाली की समजायचं, आज कुणीतरी 'भाई' वर्षाने मोठा झाला. केक गाडीच्या सीटवर, कापायला कोयता. मग स्प्रे, फटाक्यांची माळ, आणि गॅलरीतून कुणी "झोपू द्या रे" म्हणालंच तर शिट्ट्या.

पुण्यात याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. कोयत्याच्या रीलवरूनच पोरं उचलल्याच्या बातम्या येतात, असले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात. नियमही आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा आहे 45 डेसिबल. आपलं साधं बोलणंसुद्धा त्याच्या वर जातं! 112 ला फोन केला की गाडी येते, पोरं पांगतात. पण सकाळी ज्याच्यावर संशय, त्याच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली. पुढच्या वेळी फोन करतंय कोण?

मग सोसायटीने शूरपणा दाखवला तो कट्ट्यावर. पोरं तिथे जमतात म्हणून गेटबाहेरचा कट्टाच तोडला. पोरांचं काही अडलं नाही, ती गाड्यांवर बसतात. अडलं माझ्या सासूबाईंचं. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन त्या तिथे बसायच्या, शेजारी पेन्शनवाले काका, समोर क्रिकेट. निवडून होईपर्यंत कोण आजारी, कुणाकडे पाहुणे, सगळं कळायचं. (चहाड्याही चालायच्या, खोटं कशाला बोला.) याच 'भाई' लोकांतला एक जण सासूबाई दिसल्या की हातातली सिगारेट मागे लपवायचा. त्याला लहानपणी त्यांनीच गुडघ्याला हळद लावलेली. आता तो कुणापासून लपवणार? साडेसातलाच सगळ्यांची दारं बंद, आतून मालिकांचे आवाज.

कॅमेरे बसवलेत म्हणे. कॅमेऱ्यात सकाळी दिसतं की रात्री काय झालं. त्याला काकू म्हणत नाही कुणी.

मी कट्टा परत बांधायचा अर्ज दिलाय, वर दिवाही मागितलाय. सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, उगाच कशाला?" सह्या गोळा करतेय. पहिली सासूबाईंनी केली. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, सही करतो, पण नाव वाचता येणार नाही अशी करतो. म्हटलं, चालेल, करा.